निसवणीआधीची पाने : केळीवरील करप्याविषयी

केळीचे झाड निसवले की त्याला पुढे एकही नवे पान येत नाही. बागायतदाराला हे सांगायला नको. पण करप्याचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. जमिनीतल्या कंदाच्या टोकाशी असलेला कोंब आधी एकामागून एक पाने घडवत राहतो. मग एका टप्प्यावर तो पाने घडवायचे थांबवतो आणि फुलोऱ्याकडे वळतो. बाहेरून याचा काही पत्ता लागत नाही, कारण तेव्हा घडून झालेली दहा-अकरा पाने अजून खोडाच्या आतच असतात. घडाला किती फण्या पडणार हेही साधारण याच काळात, आतल्या आत ठरते. पुढे दांडा खोडातून वर चढतो आणि एके दिवशी पोंग्याच्या जागी केळफूल डोकावते. त्या दिवशी झाडावर जेवढी हिरवी पाने असतील, तेवढ्यांच्याच बळावर पुढचे तीन-चार महिने घड पोसायचा असतो. बारा-तेरा पाने असतील तर काळजी नाही. आकडा आठच्या खाली गेला की फळ बारीक राहते, त्याच्या कडा जात नाहीत आणि घडाचे वजन हातात घेताच जाणवेल इतके घटते.

करपा खातो तो हीच पाने. झाड तो मारत नाही, फळाला हात लावत नाही, कंद कुजवत नाही. त्यामुळे त्याची भीती जितकी वाटायला हवी तितकी वाटत नाही. हरण्या आला तर बागायतदार त्याच दिवशी झाड उपटतो, मर दिसली तर त्याला रात्रभर झोप लागत नाही. करप्याला मात्र ‘पाने थोडी वाळली आहेत’ एवढ्यावर सोडून दिले जाते, कारण त्याच्या नुकसानीची पावती पानावर मिळत नाही, बाजारात मिळते. पाने गेलेल्या झाडाचा घड वेळेआधी पिकायला लागतो. कापताना केळी हिरवी दिसते आणि उत्तरेकडच्या वाटेवर, ट्रकमध्येच पिवळी पडते. दिल्लीला माल उतरल्यावर व्यापारी भाव पाडतो किंवा पुढच्या खेपेला त्या बागेकडे फिरकत नाही. तीन महिन्यांपूर्वी वाळलेल्या पानांशी या गोष्टीचा संबंध आहे हे तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात येते. माझ्या मते करप्याचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे आणि ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

या रोगाचे जगभर चालणारे नाव सिगाटोका. फिजी बेटांतल्या व्हिटी लेवू या मोठ्या बेटावर या नावाची नदी आणि तिचे खोरे आहे. १९१२ च्या सुमारास तिथल्या केळीबागा या रोगाने होरपळल्या आणि खोऱ्याचे नाव रोगाला चिकटले. बुरशीची नोंद त्याआधीच, १९०२ मध्ये, जावा बेटावर झाली होती. १९३० च्या दशकात रोग कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत पोहोचला. तिथे फळ कंपन्यांचे हजारो एकरांचे सलग मळे होते, एकाच जातीची केळी होती आणि पाऊस अखंड होता. बुरशीला याहून काय हवे? कंपन्यांनी मळ्यांत नळ टाकले आणि बोर्डो मिश्रणाचा मारा सुरू केला. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण फ्रान्समधल्या द्राक्षबागांतून आलेले आणि आपल्या द्राक्ष बागायतदारांच्याही चांगल्या ओळखीचे. त्याने रोग आटोक्यात आला, पण वर्षानुवर्षे रोज नळी धरून फवारणाऱ्या मजुरांचे कपडे आणि अंग हिरवट-निळे होत असे आणि मळ्यांच्या जमिनीत तांबे साचत गेले. १९५० च्या दशकात ग्वादेलूप बेटावर खनिज तेलाच्या फवाऱ्याने करपा थोपतो असे दिसून आले, तेव्हा कुठे तांब्याचा जोर कमी झाला. तेल बुरशीला मारत नाही. पानात शिरलेल्या बुरशीची वाढ ते मंदावते, रेषेचा ठिपका व्हायला वेळ लावते. आज आपण औषधात जे मिनरल ऑइल मिसळतो त्याची ही पूर्वपीठिका.

पुढे १९६३ मध्ये फिजीतच या बुरशीची अधिक जहाल बहीण सापडली. तिचा रोग काळा सिगाटोका म्हणून ओळखला जातो आणि १९७२ मध्ये तो होंडुरासमध्ये दिसला. तेव्हापासून मध्य अमेरिकेतल्या मोठ्या मळ्यांवर वर्षाला चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वेळा विमानाने फवारणी होते. एवढे करूनही बुरशी हरली नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस होंडुरासमध्ये बेनोमिलला न जुमानणारी बुरशी तयार झाली होती. बेनोमिल म्हणजे आपल्याकडच्या कार्बेन्डाझिमच्याच घराण्यातले औषध. नंतर आलेल्या स्ट्रोबिल्युरिन गटाचीही काही वर्षांत तीच गत झाली. विमाने आणि प्रयोगशाळा हाताशी असलेल्या कंपन्यांना जे नुसत्या औषधाने साधले नाही, ते दोन-चार एकरांच्या बागायतदाराला पाठीवरच्या पंपाने साधेल असे मानणे म्हणजे त्याच्या पैशाचा आणि कष्टाचा अपमान आहे. या पुस्तकात औषधांना एकच प्रकरण दिले आहे ते याच विचाराने.

आता आपल्याकडे येऊ. तापीच्या काठाने रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि पलीकडे मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर असा केळीचा पट्टा सलग पसरला आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाड्यात नांदेडकडे अर्धापूरची केळी नावाजलेली. पूर्वीची बसराई असो, श्रीमंती असो, अर्धापुरी असो की आज सगळीकडे दिसणारी ऊतिसंवर्धित ग्रँड नैन असो, ही सगळी मंडळी कॅव्हेंडिश गटातली आणि या गटात करप्याला तोंड देण्याची ताकद नाही. काही देशी जाती पुष्कळ टिकाव धरतात, पण बाजार मागतो ती केळी त्या देत नाहीत. तेव्हा जात बदलून सुटका होण्याचा मार्ग निदान आज तरी बंद आहे.

त्यात आपली लागवडीची पद्धत. जून-जुलैत मृग बाग लागते, ऑक्टोबरच्या सुमारास कांदे बाग. त्यांच्या शेजारी गेल्या वर्षीचा खोडवा उभा असतो. म्हणजे शिवारात केळीचे हिरवे पान नाही असा एकही दिवस वर्षात येत नाही. कपाशीची किंवा सोयाबीनची बुरशी निदान काही महिने उपाशी राहते. करप्याची बुरशी कधीच उपाशी राहत नाही. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी १,७०० च्या वर झाडे बसतात. चार-पाच महिन्यांत पानाला पान भिडते, खाली ऊन पोहोचत नाही, वारा फिरत नाही आणि पावसाने किंवा दवाने ओले झालेले पान सकाळी उशिरापर्यंत ओलेच राहते. बुरशीच्या बीजाणूला रुजायला हाच ओलावा लागतो. २५ ते २८ अंश तापमान आणि पानावर काही तास टिकलेले पाणी, एवढे मिळाले की त्याचे काम झाले.

हंगामाचा एक मुद्दा मला थोडा सविस्तर मांडायचा आहे, कारण बहुतेकांचे अंदाज इथेच चुकतात. ऑगस्टमध्ये मृग बागेतले झाड जवळपास दर आठवड्याला एक पान काढते. खालचे पान करप्याने गेले तरी वरून नवे आलेले असते. एकूण आकडा फारसा ढळत नाही, म्हणून बाग धडधाकट दिसते. नोव्हेंबरपासून थंडी पडते आणि पान यायचा वेग मंदावतो. डिसेंबर-जानेवारीत एका पानाला दोन-दोन, कधी तीन आठवडे लागतात. थंडीने बुरशीही मंदावते हे खरे, पण पावसाळ्याच्या शेवटी शिरलेला रोग पानात असतोच आणि पहाटेचे दव त्याला पुरते. जाणाऱ्या पानांची जागा भरून निघेनाशी होते. नेमक्या याच महिन्यांत झाडाच्या पोटात फण्यांची संख्या ठरत असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाग निसवते. त्या वेळी झाडावर सहाच पाने दिसली की बागायतदार फवारणीला धावतो. खरी फवारणी सप्टेंबर-ऑक्टोबरची होती. कांदे बागेचे गणित उलटे आहे. ती ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी निसवते आणि घड भरण्याचे सगळे दिवस ओले असतात, म्हणून तिची पाने मे अखेरीपासून जपावी लागतात.

ओळखीचा भाग आता जवळून पाहू. वाळलेल्या पानावरून करपा ओळखणे हे निदान झालेच नाही. तोवर त्या पानापुरता खेळ संपलेला असतो. झाडाजवळ उभे राहून वरून मोजायला लागा. पोंगा सोडून द्यायचा. पूर्ण उघडलेले पहिले पान ते एक, त्याखालचे दोन, असे करत तिसऱ्या-चौथ्या पानाशी थांबायचे. सकाळच्या उन्हाकडे तोंड करून ते पान आडवे धरले की हिरव्या पडद्यावर फिकट पिवळसर, सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. हाताला ते लागत नाहीत, लांबून तर दिसतच नाहीत. काही दिवसांत ते लांबून तीन-चार मिलिमीटरच्या रेषा होतात. या रेषा पानाच्या आडव्या शिरांना समांतर जातात आणि हीच करप्याची पहिली भरवशाची खूण. पुढे रेषेचा रंग गंजासारखा होतो, ती रुंदावते, तिचा लंबगोल तपकिरी ठिपका बनतो आणि भोवती पिवळे कडे उमटते. शेवटी मधला भाग वाळून राखाडी होतो, त्याला गडद तपकिरी काठ राहतो आणि साध्या भिंगातून पाहिले तर त्या राखाडी भागावर काळे कण दिसतात. शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळले की पानाचा पट्टाच्या पट्टा जळाल्यासारखा होतो आणि बांधावरून जाणाऱ्यालाही ‘करपा आला’ हे कळते. पहिल्या ठिपक्यापासून या अवस्थेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात.

ठिपक्यांची मांडणीही बोलते. कधी ठिपके पानावर आडव्या ओळीत, एका रेषेत आखल्यासारखे दिसतात. पान पोंग्यात गुंडाळलेले असताना वरच्या रोगट पानावरून ओघळलेले दवाचे पाणी त्याच्या वळ्यात साठते आणि त्या पाण्यातून आलेले बीजाणू तिथेच रुजतात. पान उलगडल्यावर ती ओळ उघड्यावर येते. ठिपके नुसते पानाच्या टोकाकडे गर्दी करून असतील, तर बीजाणू वाऱ्यावरून, बहुधा कुठल्या तरी वाळलेल्या पानांच्या ढिगातून आलेले असतात. पहिल्या प्रकारात दोष आपल्याच झाडाच्या खालीवर आहे, दुसऱ्यात आजूबाजूला शोध घ्यायला हवा. दोन्ही प्रकारांतून एक गोष्ट पक्की होते. चौथ्या पानावर आज दिसणारा ठिपका ते पान पोंग्यात किंवा नुकतेच उघडत असताना, तीन-चार आठवड्यांपूर्वी आत शिरलेला आहे. म्हणून फवारा खालच्या करपलेल्या पानांवर मारण्यात अर्थ नाही. तो पोंग्यावर आणि वरच्या तीन-चार पानांवर, खालच्या बाजूनेही बसला पाहिजे, कारण बुरशी मुख्यतः पानाच्या खालच्या अंगावरच्या सूक्ष्म रंध्रांतून शिरते.

करप्यासारखे दिसणारे पुष्कळ काही असते. पालाश कमी पडले तर जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडून मग वाळतात, पण तिथे शिरांना समांतर रेषा नसतात. हरण्यात कोवळ्या पानावर पिवळे पट्टे शिरेपासून कडेपर्यंत जातात आणि पान वेडेवाकडे होते. तो विषाणू आहे, त्याला बुरशीनाशक मारून काही होणार नाही. कॉर्डाना नावाच्या बुरशीचे डाग मोठे, अंडाकृती, आत वलये असलेले आणि बहुधा कडेला असतात. भर उन्हात तेल फवारले तर पानावर भाजल्यासारखे चट्टे उठतात, त्यांनाही करपा समजून पुन्हा फवारणी होते! करप्याच्या तीन सख्ख्या बुरशा आहेत. मूळच्या, म्हणजे पिवळ्या, आणि काळ्या सिगाटोकाच्या दोन, आणि २००० च्या सुमारास ओळख पटलेली तिसरी, जी दक्षिण भारतातही आढळली आहे. शेतात उभे राहून त्यांतली नेमकी कोणती हे कुणी सांगू शकत नाही, ते प्रयोगशाळेचे काम. बागेतले काम तिघींसाठी एकच आहे.

ते काम सुरू होते कोयत्यापासून. पानाचा अर्ध्याहून जास्त भाग वाळला असेल तर देठापासून पान काढावे. फक्त टोक करपले असेल तर तेवढेच छाटावे आणि हिरवे पान झाडाला राहू द्यावे. सरसकट पाने उतरवून ‘बाग स्वच्छ केली’ म्हणणारे स्वतःच बुरशीचे काम पुरे करतात. निसवणीच्या तोंडावर आठ पानांच्या खाली जाण्यापेक्षा थोडा डागाळलेला हिरवा भाग ठेवणे केव्हाही चांगले. पाने कापणाऱ्या मजुरांना हा फरक एकदा समजावून सांगितला की ते तो कधी विसरत नाहीत. किंबहुना बागेतला करपा मालकाच्या आधी तेच ओळखतात, त्यांना विचारण्याची सवय मात्र आपल्याला नाही. कापलेली पाने बांधावर रचून ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी सवय आहे. वाळलेले पान ओले झाले की त्यातून आठवडेच्या आठवडे बीजाणू उडत राहतात. ती गाडावीत, किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. बागेतच पसरायची असतील तर पालथी पसरावीत आणि वरून युरियाचे पाच टक्के द्रावण मारावे. पाने लवकर कुजतात आणि बुरशीचा निवारा मोडतो. जोडीला पिल वेळच्या वेळी कापणे, पावसाळ्यात पाणी साचू न देणे, तण काढणे, ठिबकवर भागत असेल तिथे मोकाट पाणी न सोडणे आणि पालाशाचा हप्ता न चुकवणे. यात नवे काही नाही. नवे एवढेच की या प्रत्येक गोष्टीचा पानावरच्या ओलाव्याशी संबंध कसा लागतो ते पुढे सप्रमाण दाखवले आहे.

फवारणीविषयी थोडक्यात. रेषा दिसू लागताच प्रोपिकोनॅझोल लिटरला एक मिली आणि मिनरल ऑइल लिटरला दहा मिली, अशी सुरुवात करता येते. पुढची फवारणी साधारण तीन आठवड्यांनी आणि तीही वेगळ्या गटाच्या औषधाची. मॅन्कोझेबसारखे पानावर बसून राहणारे औषध, लिटरला अडीच ग्रॅम, मधल्या फेरीला उपयोगी पडते. क्लोरोथॅलोनिल तेलात मिसळू नये, पान भाजते. एकच आंतरप्रवाही औषध लागोपाठ मारत राहण्याचे फळ होंडुरासने भोगले, ते आपण भोगण्याचे कारण नाही. डब्यावर केळीचे आणि करप्याचे नाव आहे का हे वाचून घ्यावे आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची तेही. केळीत फवारा डोक्याच्या वर मारावा लागतो, औषध मारणाऱ्याच्याच अंगावर गळते. टोपी, चष्मा, तोंडाला मास्क आणि लांब बाह्यांचा सदरा दिल्याशिवाय कुणाच्या हातात पंप देऊ नये, एवढी एक गोष्ट मी प्रत्येक बागायतदाराकडे हात जोडून मागतो.

बाग सुधारते आहे की नाही हे पाहण्यासाठी जगभर एक साधे मोजमाप वापरतात. वरून मोजत यायचे आणि ज्या पानावर दहा किंवा त्याहून जास्त पूर्ण वाढलेले ठिपके प्रथम दिसतील त्या पानाचा क्रमांक लिहायचा. क्रमांक दहा-अकरा असेल तर बाग ठीक आहे, पाच-सहावर आला तर रोग वर चढतो आहे. एकरात दहा झाडे ठरवून, त्यांच्या खोडाला खूण करून दर पंधरा दिवसांनी हे दोन आकडे वहीत लिहावेत, एकूण हिरवी पाने आणि पहिले डागी पान. अर्ध्या तासाचे काम आहे. दुकानात जाऊन ‘करप्यावर काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा ही वही घेऊन जळगावच्या किंवा नांदेडच्या केळी संशोधन केंद्रात गेलेला शेतकरी जास्त नेमके उत्तर घेऊन परत येतो.

एकट्याने हे सगळे नीट केले तरी एक अडचण उरते. घड कापून झालेली, भाव पडला म्हणून किंवा मालक गावी नाही म्हणून तशीच सोडून दिलेली बाग प्रत्येक शिवारात एखादी तरी असते. तिच्यात पाणी नाही, निगा नाही, पाने देठाला लोंबकळत वाळलेली. तिथून उठणारे बीजाणू वाऱ्यावर शेजारच्या नव्या मृग बागेवर येतात. त्या बागेच्या मालकाला बोल लावून उपयोग नाही, त्याचा हंगाम संपलेला असतो आणि मजुरीला पैसा नसतो. पण चार बागायतदारांनी मिळून मजूर लावले तर एका दिवसात खोडे आडवी होतात, पाने गाडली जातात आणि चौघांची निदान एक फवारणी वाचते. पाऊस पडायच्या आधी, मे महिन्यात, गावागावात यासाठी एक बैठक व्हावी अशी या पुस्तकामागची इच्छा आहे. कोणत्या बागा उठवायच्या, खोडव्याचे काय करायचे, कांदे बागेची पाने कुणी कधी मोजायची, औषधांचे गट कोणत्या क्रमाने फिरवायचे, या बैठकीत बोलायच्या गोष्टी शेवटच्या प्रकरणात महिन्यांच्या क्रमाने दिल्या आहेत. ज्याला वेळ कमी आहे त्याने ते प्रकरण आधी वाचले तरी चालेल.